सोमवारी डावी, गुरुवारी उजवी

सोमवारी डाव्या कुल्ह्यावर,
गुरुवारी उजव्या.
कॅलेंडरवर मी नुसतं डा आणि उ लिहिते.
यार्मोला वाटतं, रस्त्यातली वळणं टिपून ठेवतेय.
फिरत्या वाचनालयाची बस मी चालवते,
शिक्के तो मारतो.

जुनी पट्टी सोलली की
राखाडी गोंदाचा चौकोन मागे राहतो.
तेलाने घासून जात नाही, साबणाने जात नाही,
परत आलेल्या पुस्तकावरच्या लेबलासारखा.

आधी भट्टी होती.
पहाटे तीनला उशी उलटी करायची,
मग सुलटी, मग पुन्हा उलटी,
मग उठून खिडकीच्या काचेला गाल लावायचा.
बाहेर उणे बावीस.
आता भट्टी विझली आहे. जवळजवळ.

आणि छाती दुखते.
पोसियोच्या पुढे बर्फात चाकोऱ्या पडल्यात,
एक हात स्टिअरिंगवर, दुसरा आडवा छातीवर धरून
मी बस बैलाच्या चालीने नेते.
मागे दोन हजार पुस्तकं दात वाजवतात.
यार्मो काही विचारत नाही,
पण हल्ली खड्डा आला की
तोच आधी म्हणतो, हळू.

रात्रीची कॅप्सूल गोल, मऊ, निरागस.
गिळल्यावर अर्ध्या तासात शब्द लोकर होतात.
एकदा तशीच बहिणीला फोन लावला;
म्हणे मी तिला वीस मिनिटं
रेनडिअरच्या कातड्याचे भाव सांगत होते.

चौदा महिन्यांनी पुन्हा डाग दिसला
तेव्हा मात्र मी न्हाणीघराच्या फरशीवर बसले.
पाळी गेली म्हणून केक आणला होता मी,
एकटीने खाल्ला होता, अख्खा.
तपासणी झाली. सगळं ठीक, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मात्रा बदलू, तीन महिने देऊन बघू.
औषधाच्या दुकानात चिठ्ठी क्रमांक अठ्ठेचाळीस.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, या, तुमची पाळी.
मी इतकी हसले की तिने पाणी दिलं.

शनिवारी सौना.
पट्टी काढून मी आरशावर चिकटवते, नंतर लावायला,
आणि एकदा विसरले.
दोन दिवस आरसा कसा शांत, थंड,
घाम मला.

आता नाही काढत; जे व्हायचं ते होवो म्हणत
वरच्या फळीवर तशीच बसते.
आठ्याहत्तर वर्षांच्या ल्यूलीबाईंनी
वाफेतून बोट दाखवलं:
'तिकीट लावून कुठे निघालीस गं पोस्टाने?'
बायका खिदळल्या.
मग कोपऱ्यातल्या साइमीने, जी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते
आणि कधीच काही बोलत नाही,
टॉवेल जरासा वर केला.
तिचंही तिकीट. एक टोक सुटलेलं.
मी अंगठ्याने दाबून दिलं.

ल्यूलीबाई म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हतं असलं.
काय करायचात मग?
त्यांनी दगडांवर पाणी ओतलं.
चर्र झालं.
बाकी काही नाही.

आणि त्या वाफेत मला आई दिसली,
लाकडांच्या खोपटाच्या दारात,
जानेवारीत, कोट न घालता,
बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.
आम्ही मुलं खिडकीतून ओरडायचो, आई, ये ना आत!
ती म्हणायची, थांबा, ओंडके मोजतेय.
रोज मोजायची. आकडा कधी सांगितला नाही.
आम्हाला वाटायचं, लाकूड पुरणार नाही
म्हणून घाबरलीय.

घरी आले तर चुलीजवळची टोपली भरलेली होती.
तरी खोपटापर्यंत गेले,
कोटाची बटणं सोडून.
एक, दोन, तीन.
बर्च, बर्च, एक ओला पाइन.
एकेचाळीसच्या आसपास मान गार झाली.
मग लक्षात आलं, उद्या सोमवार नाही, रविवार.
डावीला अजून एक दिवस.