जमिनीवर उभा असलेल्यास

शनिवारी रात्री शिरोड्यात, मिठाच्या गोदामात
आमचा खेळ भरतो.
पोत्यांवर प्लायवूडचा तुकडा, त्यावर नकाशा,
माझ्या हातचा, म्हणून उत्तर दिशा जरा जास्तच बरोबर.
खारट हवेत कागद फुगतो, फासे चिकटतात.
वीस बाजूंचा फासा डुमिंग गंजीफ्रॉकला पुसतो
आणि टाकण्याआधी क्रूस करतो,
गंमत म्हणून. तसं सांगतो तरी.

आज वाद निघाला तो स्थिरबंधावरून.
मंत्र क्रमांक एकतीस, पान बेचाळीस:
‘जमिनीवर उभा असलेल्यास हा मंत्र जागी खिळवतो.’
एवढंच. पुढे पूर्णविराम.

प्रियलची जादूगारीण मंत्र म्हणून मोकळी झाली,
आणि झिलूचा चोर, गलबताकडे पळता पळता,
ओल्या वाळूत उभा:
भरतीला पाणी, ओहोटीला वाळू, त्या पट्ट्यात.

झिलू म्हणाला, “ही जमीन न्हय. ह्यो दर्यो.
जरा भायर गेलो हा, येतलो.”
प्रियल म्हणाली, “मग तुझी आये खंय उभी रवान
मुळे काढता? पाण्यार?”
डुमिंगला मिठागर आठवलं.
मार्चात वाफे, जुलैत तळं.
सातबाऱ्यार काय लिवतंस रे, त्याने मला विचारलं.

खेळ मी चालवतो.
दिवसा मोजणी खात्यात भूकरमापक.
बांध कोरल्याचे अर्ज टेबलावर,
सख्खे भाऊ एका माडासाठी
माडाच्या उंचीएवढे कागद घेऊन येतात.
वाटलं होतं, निदान इथे,
राक्षसांच्या मुलखात,
हद्द कोणी विचारणार नाही.

सांगू की नको करत शेवटी सांगितलं:
तो शब्द पुस्तकाचा नाही, माझा आहे.
नियम मराठीत उतरवताना
मूळ शब्दात भुई होती, तळ होता,
पायाखालचा आधार होता.
मी ‘जमीन’ लिहिलं
कारण दिवसभर तेच लिहितो.
रात्रीचा एक वाजला होता. हाताला सवय होती.

“म्हणजे माझो चोर अडाकलो
तो तुझ्या नोकरीपायी,” झिलू म्हणाला.
प्रियल हसली नाही.
“भुई लिवलं असतंस तर?”
तर खिळला असता. भुई पाण्याखालीही असते.
‘आधार’ लिहिलं असतं
तर होडीतलासुद्धा सुटला नसता,
आणि डुमिंगने खिशातून कार्ड काढलं असतं.
त्याने ते काढलंच.

साडेअकराला टॉर्च घेऊन आम्ही वेळेवर गेलो.
इथे किनाऱ्यालाही वेळ म्हणतात;
बदली होऊन आलो तेव्हा
पहिले सहा महिने मला सगळेच वक्तशीर वाटायचे.
ओहोटी संपत आलेली.
न्याय डुमिंगने सुचवला:
पाऊल उठलं आणि राहिलं, तर जमीन.

प्रियलने चप्पल काढली,
डावा पाय दाबला, उचलला.
आधी पाच बोटं, मग टाच, अगदी स्पष्ट,
अंगठ्याच्या छापासारखं.
मग टाचेत पाणी. खालून.
लाट अजून वीस पावलं लांब होती.
कुणाची पावलं, ते या वेळी कोणी विचारलं नाही.

कडा ढासळू लागल्या.
मी काहीतरी बोलणार होतो.
“रव,” झिलू म्हणाला, “पुराय भरांदे.”
स्वतःच्या बाजूने बोलतोय की विरुद्ध, कळेना.
चौघंही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेलो.
एक कुर्ली आली,
ठशातून तिरकी आरपार गेली,
टॉर्चला न जुमानता.

घरी आल्यावर पान बेचाळीस काढलं.
‘जमीन’वर रेघ मारली नाही.
समासात पेन्सिलीने, शेरा लिहितो त्या अक्षरात,
एवढंच लिहिलं:
मोजणीच्या वेळी ओहोटी होती.