सकाळी सहा, स्वॉन्झी

तासाचे पस्तीस पौंड.
तेवढ्यात बासमतीची गोणी येते,
हिशोब पहिल्याच दिवशी केला होता.

अंधार. समुद्रावरचा वारा कानात सुया टोचतो.
दिव्याच्या खांबाखाली रिअन उभी,
दातांनी हातमोजे ओढत म्हणते, चला.

उठाबशाच ह्या. शाळेत फुकट मिळायच्या.
दहाव्याला गुडघे कुरकुरतात.
"आता शेवटची," ती म्हणते.
मग आणखी एक शेवटची.
हा चिऊचा, हा काऊचा,
असंच खोटं बोलून
कुणी भरवलं होतं मला.

वजन? दीड किलो उतरलं. तेही बूट काढून.

काल तिचा निरोप: ताप आहे, येत नाही.
सव्वासहापर्यंत लोळलो.
मग गेलोच खांबापाशी,
उगाच.

दहा झाल्या.
अकराव्या वेळी
कुणी खोटं बोललं नाही.