रकाना: इतर

उपकेंद्रात फ्रीज एकच, तो लसींचा.
दोन ते आठ डिग्री, सकाळ-संध्याकाळ नोंद.
त्यात माझी पाण्याची बाटलीसुद्धा जात नाही,
चॉकलेट तर लांबच.

तरी मे महिन्यात दुपारी पत्रा तडतडतो,
कुत्रं नालीत पोट टेकून बसतं,
तेव्हा मी त्या फ्रीजकडे बघते.
बघते फक्त.

भाचीनं दिलेली पहिली वडी नागपूरहून निघाली,
एसटीत माझ्या मांडीवर बसून वैनगंगा ओलांडली,
फाट्यावर उतरेस्तोवर कागदात नुसतं काळं सारण.
बोटानं चाटलं.
कडू. पण कडुलिंबाचं कडू नव्हे,
भाजताना जरा जास्त लागलेल्या जवसासारखं.

दुसरी वडी रांजणाच्या बुडाशी ठेवली,
ओल्या वाळूत, मातीच्या बोळक्यात,
वर ओलं फडकं, फडक्यावर खडा.
तापातल्या लेकराचं कपाळ बघावं
तशी रात्री उठून बोट लावून बघितली.
वाकली थोडी. टिकली.

रोज एक चौकोन, जेवणानंतर.
जेवण म्हणजे मोजून दोन मुठी भात,
तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा.
मग उंबरठ्यावर बसून तो चौकोन जिभेवर ठेवायचा.
चावायचा नाही.
समोरच्या मोहाखालून सुरपामच्या शेळ्या परततात.
सतरा आहेत.
सतराव्या शेळीपर्यंत पुरतो.

गावाला मी काय सांगते?
चहात साखर कमी, बुंदी नको, सरबताची पुडी नको,
नको, नको.
अठ्ठावीस वर्षं नको म्हणणारी बाई
दुरून येताना दिसली
की पोरं बर्फाचा गोळा पाठीमागे धरतात
आणि त्यांच्या टाचांवर लाल थेंब पडत राहतात.

झिबल कुंभरे, वय एकसष्ट, शुगर दोनशे चाळीस.
त्यानं गोड सोडलं ते रागावून सोडलं.
पुतणीच्या लग्नात पंगतीतून उठून गेला,
बिनसाखरेचा चहा आला की कप पालथा घालायचा,
बायकोशी धड बोलेना.
शुगर उतरली,
तिच्यासोबत माणूसही उतरला.

एका गुरुवारी त्याच्या बोटाला सुई टोचून झाल्यावर
मी बोळकं उघडलं.
त्यानं तुकडा कडाकडा चावला.
"बाप्पा! बाई, हे तं औषधच हाये!
अन् येवढ्याशाले येवढा चमचम कागद?"
औषध नाही, म्हटलं. गोळ्या तशाच, चालणं तसंच,
आणि आज रात्री भात एक मूठ कमी.
आता हा दुसरा, शेवटचा. चावू नका. शेळ्या मोजा.
"दुपारच्या शेळ्या कोठून आणू?"
मग कोंबड्या मोजा.

तो बसला. एक गाल किंचित फुगलेला,
नजर नालीपलीकडे.
चार म्हणाला, सात म्हणाला,
मग ओठ हलायचे थांबले.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "गेलं."
आणखी मागितलं नाही.
मी दिलंही नसतं.

माझ्या वहीत काल काय खाल्लं याचे रकाने आहेत:
धान्य, डाळ, पालेभाजी, फळ, इतर.
आता झिबल आपणहून सांगतो,
"दीड भाकर. चवळीची भाजी. टेंभरं दोन.
अन् गुरुवारी थे काळं."
इतरचा रकाना छापणाऱ्यानं कंजूषपणे छापलाय,
नखाएवढा, चौकोनी.
मी त्यात लिहिते: एक.

मान वर केली तर दारात फुलवंता, त्याची बायको,
पदराचं टोक दातात धरून.
शुगर नाही, बीपी नाही, कशाचीच तक्रार नाही.
"बाई," म्हणाली,
"कोंबड्या मोजाले मी येऊ का?"