ग्रोथ

ओजसने कागदच करून दिला होता.
आधीच्या मालकाविषयी वाईट बोलायचं नाही.
पगाराचा विषय आपण होऊन काढायचा नाही.
"मिळेल ते काम करीन" असं तर
मेलीस तरी म्हणू नकोस, आत्या.
वय विचारलं तर अनुभव सांग.
आणि मधले रिकामे चौदा महिने?
तिथे त्याने नुसतं प्रश्नचिन्ह काढून
खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

रिकामे कसले?
निकिताची बारावी, दोन शिकवण्या,
शेजारच्या तरुबेनसाठी किलोकिलोने मेथीचे खाखरे,
सासूबाईंचा मोतीबिंदू.
त्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्याआधी
प्रत्येक वेळी मी खोका उलटा करून
कंपनीचं नाव वाचायचे.
हे तर अजिबात सांगायचं नाही.

न्यायमंदिरापासून मकरपुऱ्याची बस.
खिडकीशी बसून एकच शब्द घोळवत होते
सुपारीच्या खांडासारखा, या गालातून त्या गालात.
नोकरी का सोडली? ग्रोथसाठी.
सगळे हेच म्हणतात, ओजस म्हणाला होता,
ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.
मराठीत म्हणून पाहिलं: वाढ.

आता वाढ म्हटलं की मला काचेची बशी दिसते,
भरणीच्या खोलीत चार तास उघडी ठेवलेली,
मग पाच दिवस उबेत.
झाकणाखाली उमटलेले करडे, मखमली ठिपके.
मी सतरा मोजले. पुन्हा मोजले. सतराच.
आणि रिपोर्टवर आधीच टाइप केलेलं: नो ग्रोथ.
खाली माझ्या सहीपुरती
कोरी जागा.

खोलीत एसी इतका की बोटं बधिर.
अमीनसाहेब, आणि एच.आर.ची ध्वनी नावाची मुलगी,
निकितापेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल.
एकोणीस वर्षं एका जागी! असं म्हणून
त्यांनी पान उलटलं.
"तो पछी केम छोडी, बेन?"

"ग्रोथमुळे," मी म्हणाले.

साठी म्हणायचं होतं.
ध्वनीने लगेच सावरून घेतलं,
"ग्रोथ माटे, ने?" आणि लिहूनही टाकलं.
अमीनसाहेबांनी मात्र चष्मा काढला.
माझ्या बायोडेटावरचं कंपनीचं नाव
बोटाने एकदा चाचपलं,
जसं कुणी दुखरी जागा चाचपतं.
पुढे काही विचारलं नाही.

तुम्हाला काही विचारायचंय?
कागदावर होतं, इथे गप्प बसू नकोस,
कंपनीच्या भविष्याबद्दल एखादा प्रश्न टाक.
मी भविष्यच विचारत होते खरं तर.
म्हटलं, "या जागेवर आधी कोण होतं?"

एसीचा आवाज.
ध्वनीने साहेबांकडे पाहिलं,
साहेबांनी पेनाच्या टोपणाकडे.
"एक बेन होत्या. सारा होत्या. गेल्या."
मग बऱ्याच वेळाने,
खिडकीकडे तोंड करून,
"ग्रोथ."

मी मान हलवली. त्यांनीही.
इतकं खरं बोलणं
मी कुठल्याच मुलाखतीत ऐकलं नव्हतं.

गेटवर वॉचमनने वही पुढे केली.
येण्याच्या वेळेपुढे जाण्याची वेळ,
आणि सही.
पेन हातात धरून मी उगाच थांबले,
तो म्हणाला, बेन, खाली नाम ज लखो.

फोन वाजला तेव्हा मी गाडीवर सेव-उसळ खात होते.
"ते बोलली नाहीस ना, आत्या?"
नाही रे, एक अक्षर नाही.
"साहेबांना कळलं तर नाही काही?"
तर्री झणझणीत होती, नाक वाहत होतं,
पुसायला पर्समध्ये हाताला लागला
तो त्याचाच कागद.
घडी उलगडली, त्यातली दुसरी ओळ वाचली,
आणि तेव्हा कुठे लक्षात आलं,
पगार किती देणार, ते कुणीच काढलं नाही.