कंपनी सचिव यांस

मु. पो. सावदा, तालुका रावेर.
विषय : आपला पहिला लाभांश.

महोदय,
हे पत्र मशीनवर टाइप केलं आहे.
मशीनचा ळ अठ्ठ्याण्णव साली तुटला,
तेव्हापासून ती जागा मोकळी सोडतो
आणि कागद काढल्यावर पेनाने भरतो.
निळ्या शाईचे ळ दिसतील, समजून घ्यावं.

आपल्या कंपनीचे शंभर शेअर
मी एका मशीनच्या पैशात घेतले.
सात नंबरचं, खिडकीजवळचं.
समोर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता,
माझ्या अकरा मशीनांवर चार पोरं उरली होती,
वाटलं, जो आपल्याला खाणार
त्याच्या ताटाला आपलाही हात लागलेला बरा.

फॉर्म भरला द्वारकाच्या नावाने.
सात नंबरवरच ती शिकली होती. चाळीसचा स्पीड.
मग माझ्याशी लग्न झालं
आणि तो स्पीड पोळ्यांत गेला.

दरवर्षी आपला जाड अहवाल यायचा.
ती विचारायची, "काही आलं का?"
मी म्हणायचो, "वाढतंय."
मग ती गुळगुळीत पानं फाडून
फडताळात डब्यांखाली अंथरायची.
आमच्या हळदीखाली आपली शिल्लक असायची,
एका वर्षी नऊशे कोटी,
पुढे चार हजार, रोख,
तिखटाचा डाग पडलेले चार हजार कोटी.
"इतक्या पैशाचं हे लोक करतात तरी काय?"
मला सांगता आलं नाही.
अहवालातही ते पान नव्हतं.

आमच्याकडे केळ असं करत नाही.
एक घड देते, खोड आडवं होतं,
बाजूचं पिल वर येतं.
साठवायची सोयच नाही, ट्रक चुकला
की चार दिवसांत सगळं काळं.
पैसा नुसता पडून राहतो आणि तरी सडत नाही,
हे मला या वयातही नीट पटलेलं नाही.

आता आपण वाटायला काढलं.
शेअरमागे तीन रुपये. बोनस धरून
आमचे झाले बाराशे.
भाचा म्हणे, "मामा, कंपनी म्हातारी झाली.
नवं सुचेनासं झालं की वाटायला लागतात."
तो केळीच्या वखारीत काट्यावर असतो, त्याला वजन कळतं.
मी काही बोललो नाही.
मला सुचेनासं झालं तेव्हा
मी नऊ मशीनं भंगारात घातली होती,
किलोवर.

पण बाराशे परत गेले. खातं बंद आहे.
द्वारका जाऊन दोन वर्षं झाली,
पोळ्याच्या आदल्या दिवशी.
आपण दाखले मागितलेत : मृत्यूचा, वारसाचा,
स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र,
आणि खाली बारीक अक्षरात,
सात वर्षं कोणी मागितलं नाही तर सरकारजमा.

मी एकोणऐंशीचा. सात वर्षं मला पुष्कळ झाली.
दाखले कपाटात तयार आहेत, पाठवणार नाही.
कारण तोवर दरसाल एक पाकीट येईल,
पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी तिचं नाव वाचेल,
मोठ्याने, तो मोठ्यानेच वाचतो,
आणि ओट्यावरून कोणीतरी म्हणेल,
"हो, हो, तेच घर."

फक्त एक विनंती.
पाकिटावर आपण छापलं आहे
द्वारका सुपडू भोले.
माझ्या क्लासात अशा चुकीचे दोन मार्क जात.
माझ्या मशीनचा ळ तुटला तो तुटला,
तेव्हा नवीन टाकायची माझी ऐपत नव्हती.
आपल्याकडे एवढी रोकड पडून आहे.
एक ळ घ्यावा.

आपला,
सुपडू तुळशीराम भोळे