इतिवृत्तात न घेतलेलं

एकोणीस वर्षं झाली, ग्रामसभेचं इतिवृत्त मी लिहिते.
आलेंतेजोच्या या कोपऱ्यात लिहायचं तरी काय असतं?
तुंबलेलं गटार, मोकाट कुत्री,
स्मशानाच्या फाटकाचं हरवलेलं कुलूप.
आज खुर्च्या कमी पडल्या.
अग्निशामक दलाकडून बाकडी आणली,
तरी आदेलिनो दाराला टेकून उभा.
म्हणाला, मी नुसता ऐकायला आलोय.
सगळ्यात जास्त तोच बोलला.

लिस्बनहून आलेल्या मुलीनं भिंतीवर नकाशा चिकटवला.
सहाशे चाळीस हेक्टर, भोवती निळी रेघ.
रेघेच्या आत ओढा, दोन विहिरी, मेंढवाडा,
आणि ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं होतात
ती झाडं, आमच्या आज्यांच्याही आधीची.
मुलगी वाईट नव्हती. घसा बसला होता तिचा.
काल दुसऱ्या गावात हेच झालं असणार.

कुस्तोदियानं सुरुवात केली: काचा धुणार कशानं?
पाण्यानं, वर्षातून दोनदा.
कुठल्या?
मी लिहिलं: पाण्याबाबत विचारणा.

मग बांध फुटला.
वीज इथं राहणार, की तारेवरून निघून जाणार?
निघून जाणार असेल, तर माझं बिल का वाढतं?
बांधताना तीनशे माणसं, आणि नंतर?
नंतर चार, मुलगी म्हणाली.
तिनं आकडा फुगवला नाही, हेही लिहायला हवं होतं.
नव्या खांबांवर करकोचे घरटी बांधतील,
त्यांना कोण समजावणार?
पस्तीस वर्षांनी या काचा उचलणार कोण,
कंपनी की कंपनीची कंपनी?
आणि दाराशी आदेलिनो:
तुम्ही आम्हाला विचारायला आलात की सांगायला?
टाळ्या. टाळ्यांसाठी माझ्याकडे रकाना नाही.

तेव्हा फाउश्तो उठला. वय चौतीस, मान खाली.
मी मेंढ्या विकल्या, म्हणाला, दोनशे दहा.
तीन वर्षं विहिरीत बादली आपटतेय.
ऊन तेवढं पोत्यांनी पडलंय माझ्याकडे,
ते विकू नको म्हणता?
रविवारी माझ्या रानातून फिरता, किती सुंदर म्हणता,
त्या सुंदरचं भाडं कधी दिलंय कुणी?
मागच्या खोलीतला फ्रीज घरघरत राहिला.
कुस्तोदिया स्वतःच्या नखांकडे बघत बसली.
मीही मूग गिळून पेन चालवत होते.

शेवटी हेर्मिनियो. साल सोलणारा, वय एकाहत्तर.
त्याच्या कुऱ्हाडीचा घाव सालीत थांबतो, लाकडाला लागत नाही.
साल निघाली की खोड लालभडक दिसतं, आणि तो त्यावर
चुन्यासारख्या पांढऱ्या रंगानं सालाचा शेवटचा आकडा काढतो.
नऊ वर्षं मग कुणी त्याला हात लावायचा नाही.
बोटांवर मोजत म्हणाला:
पस्तीस वर्षं, म्हणजे चार सोलण्या, एका वर्षानं कमी.
ओढ्याकाठी एक झाड आहे.
एकवीस साली सोललं, त्यावर एकचा आकडा आहे.
तीस साली त्याची पाळी.
मी कुऱ्हाड घेऊन आलो, तर फाटक कोण उघडणार?

मुलीनं कागद चाळले.
झाडं राहतील, म्हणाली, कायद्यानं ती तोडता येत नाहीत.
मी तोडायचं कुठं विचारलं?
फाटकाचं विचारलं.
नोंद घेते, ती म्हणाली.
पण नोंद मी घेते. तिला ते माहीत नव्हतं.

प्रश्न चौदा: फाटक. उत्तराचा रकाना कोरा.
अन्य विषय: काही नाही.

नकाशा गुंडाळून, बाकडी परत पाठवून
दिवे मालवायला मी मागे राहिले.
निळ्या रेघेच्या आत, खाली डावीकडे,
ओढ्याला लागून चार हेक्टर माझे आहेत.
मार्चमध्येच सही केली. तेव्हा पेन चांगलं चाललं.
एकचा आकडा असलेलं झाड तिथंच आहे.

हेर्मिनियोला हे माहीत आहे.
जाताना त्यानं टोपी घातली, नीट केली,
पुन्हा काढली, पुन्हा घातली,
आणि मला विचारलं,
तुझ्या गुडघ्याचं कसं आहे आता?