विषय क्रमांक सात

सभा अकराची, सुरू झाली पावणेएकला.
गणपूर्ती झाल्याचं मी आधीच लिहून ठेवलं होतं.
सव्वीस वर्षं एरंडोलच्या नगरपरिषदेत
इतिवृत्त लिहिल्यावर एवढं कळतं.

कोंडवाड्याच्या दाराला नवी कडी,
स्मशानाच्या पत्र्यांचं देयक,
पहिले सहा विषय चहाबरोबर उरकले.
मग मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा पुसला.

वीज मंडळाचे थकले, अनुदान आलं नाही,
म्हणून पथदिवे एकाआड एक.
वाचनालय संध्याकाळी सहाला बंद.
रोजंदारीचे झाडूवाले, चौदा, या महिन्याअखेर कमी.
एवढं करूनही जुळत नाही;
सबब घरपट्टी शेकडा अठरा वाढवावी किंवा कसे,
यावर विचारविनिमय करणे.

'किंवा कसे' हे मी घातलेलं.
घालावंच लागतं.
सगळी सभा मग त्या दोन शब्दांत जाऊन बसली,
भिंतीच्या वीतभर सावलीत गाय बसते तशी.

निंबा महाजन उठले.
"पानी चौथा दिन येस, तवय बी नळ आधी हवाच सोडस.
आनि तुम्ही पट्टी वाढाडतस?"
मी लिहिलं: पाणीपुरवठ्याबाबत सदस्यांनी नाराजी व्यक्त केली.

जुबेर मन्यार म्हणाले, आमच्या गल्लीत
उघड्या गटारीत चेंडू गेला की पोरं काढत नाहीत, नवा आणतात.
अठरा टक्के कशाचे, त्या चेंडूंचे?
कोणीतरी हसलं.
हसणं मी लिहीत नाही.

प्रमिला बडगुजर बोलल्याच नाहीत.
पहिल्यांदा निवडून आलेल्या,
विषयपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर
काहीतरी लिहीत होत्या, खोडत होत्या.

मतदान हात वर करून.
मी पेनाच्या टोकाने हवेत मोजतो.
बाजूने दहा.
विरुद्ध दहा.
पुन्हा मोजले. दहा, दहा.
प्रमिलाताईंचा हात टेबलावर, पालथा.

"ताई?" अध्यक्ष म्हणाले.

"मी हात वर करस.
पन त्या चौदा जनस्ले परत घेवानं ठरावमा लिखा."

उपसूचना लेखी हवी,
मुख्याधिकारी म्हणाले, तीन दिवस आधी.
त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.
पाहिलं माझ्या पेनाकडे.

मग हात वर गेला,
दिवे गेलेल्या घरात भिंतीवर
बटण चाचपडत जातो तसा,
खांद्यापर्यंतच.
मी तो धरला.

ठराव क्रमांक दोनशे एकोणीस. बहुमताने मंजूर.

खुर्च्या रिकाम्या झाल्यावर कागद गोळा केले.
पाठकोऱ्या बाजूवर चौदा नावं,
समोर किती वर्षं झाली,
घरात खाणारी तोंडं किती.
तीन नावांपुढे काहीच नाही,
विचारायचं राहून गेलं असेल.

रात्री घरी जाताना खांब मोजले.
माझ्या दारासमोरचा विझलेल्यांतला.
माझी पट्टी चोवीसशे,
म्हणजे आता चारशे बत्तीस जास्त.
बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, 
मग तो दिवा तरी लावा म्हणावं.

आज सकाळी पक्कं इतिवृत्त उतरवायला बसलो.
'बहुमताने मंजूर' नंतर पूर्णविराम दिला,
तो खोडला, स्वल्पविराम केला,
आणि चौदा नावं लिहिली, सगळी,
अक्षर लहान करून,
एका ओळीत मावत नव्हती तरी.
नियमात बसत नाही.
अध्यक्षांची सही व्हायची आहे अजून.

खिडकीखाली सुकलाल झाडत होता.
महिना संपायला सहा दिवस आहेत,
तोवर तो झाडणार.
खराटा भिंतीला टेकवून त्याने वर पाहिलं,
"काय व्हयनं, भाऊसाहेब?"

मंजूर, मी म्हणालो.

"काय मंजूर?"

शाई वाळली नव्हती.
मी कागदावर फुंकर घालत राहिलो.